परसात पुरलेला पारा संपत नाही

गोव्यात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला की काही घरांत एकच तोडगा: पारा केरसुणीने लोटायचा आणि माडाच्या मुळाशी पुरायचा. ‘जमिनीतून आला, जमिनीत गेला.’ हा समज चुकीचा आहे.

पारा ३५७ अंशांना उकळतो, पण त्याची वाफ साध्या खोलीतही होत राहते. तिला ना रंग ना वास. केरसुणीने एका गोळीच्या शंभर होतात, पृष्ठभाग वाढतो, वाफही वाढते. व्हॅक्यूम क्लीनर तर ती खोलीभर फेकतो.

पुरलेल्या पाऱ्याचा काही भाग हवेत जातो, उरलेला पावसाच्या पाण्याबरोबर वाहतो. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या), खारफुटीच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचा मिथिल पारा, म्हणजे पाऱ्याचं जास्त विषारी रूप, करतात. तो माशांत साठतो. मोठ्या शिकारी माशांत, म्हणजे मोरी (शार्क), इसवण (सुरमई) यांत जास्त, छोट्या तारल्यांत कमी.

मग करायचं काय? मुलांना बाहेर काढा, पंखा बंद, खिडक्या उघड्या, आतलं दार लावून घ्या. अंगठ्या, बांगड्या उतरवा. पारा सोन्याला चिकटतो. हातमोजे घालून जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी गोळ्या एकत्र करा. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की बारीक थेंब चमकतात. ते चिकटपट्टीने उचला. सगळं, काचेसकट, घट्ट झाकणाच्या बरणीत. सिंकमध्ये ओतू नका, जाळू तर मुळीच नका. पारा लागलेले कपडे वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका.

पाऱ्याचा फुटलेला थर्मामीटर हा घरातला घातक कचरा आहे. बरणीवर ‘पारा’ लिहून पंचायत किंवा पालिकेकडे वेगळी द्या.