शाळेतील संगणक आणि विजेचे बिल : कोकणातील पार्श्वभूमी

कोकणातील शाळांत संगणकाला किती वीज लागते हा प्रश्न उशिरा विचारला गेला, कारण आरंभीची बरीच वर्षे वीज मिळणे हीच मोठी गोष्ट होती. डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची शालेय माहिती-तंत्रज्ञान योजना सुरू झाली तेव्हा ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने त्रस्त होता, आणि संगणक कक्षाच्या आखणीत यूपीएस, बॅटऱ्या व जनित्र यांचाच विचार आधी होई. २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्यावर, प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. ते यंत्र मुळातच काही मोजक्या वॅटवर चालावे म्हणून घडवलेले होते. पुढच्या खरेदीत ही कसोटी मागे पडली, याची खंत वाटते.

वाड्यावाड्यांवरच्या प्राथमिक शाळांत संगणक अनेकदा चाकरमान्यांमुळे पोहोचला. मुंबईतल्या कार्यालयांनी काढून टाकलेली यंत्रे गणपतीला वा शिमग्याला गावी येताना आणली जात. ती जुन्या काचेच्या, जड मॉनिटरची असत. मॉनिटर आणि डबा मिळून दीडशे वॅटच्या आसपास वीज लागे. देणगीमागची माया खरी होती, पण बिल शाळेच्या सादिलातून, म्हणजे किरकोळ खर्चासाठीच्या अनुदानातून, जाई, आणि तो अपुरा पडल्यास लोकवर्गणी किंवा शिक्षकांचा खिसा यांवर भार पडे. २०१२ मध्ये शाळांसाठी ‘सार्वजनिक सेवा’ असा वेगळा वीजदर गट होईपर्यंत त्यांची गणना व्यापारी ग्राहकांत होत असल्याची तक्रार सतत ऐकू येई.

वेगवेगळ्या संगणकांच्या वीजखर्चाच्या तुलनेतला सर्वाधिक घोळ मात्र दराचा नसून ‘वॅट’ या शब्दाचा आहे. संगणकाच्या मागील बाजूस पॉवर सप्लायवर ४५० वॅट असे छापलेले असते. तो आकडा त्या भागाची कमाल क्षमता सांगतो; यंत्र प्रत्यक्षात किती वीज घेते ते नव्हे. साध्या शालेय कामात एलईडी पडद्यासह आजचा सामान्य डेस्कटॉप सत्तर वॅटच्या आगेमागे राहतो. तरीही प्रस्तावात दहा यंत्रांचे साडेचार किलोवॅट मांडले जातात, त्यावरून इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या नको इतक्या मोठ्या घेतल्या जातात, आणि मग संगणकच परवडत नाही असा निष्कर्ष निघतो. उलट चूकही होते. थिन क्लायंटच्या, म्हणजे एका मुख्य संगणकावर (सर्व्हरवर) चालणाऱ्या छोट्या जोडयंत्राच्या, माहितीपत्रकात पाच वॅट लिहिलेले असतात, पण त्यात पडदा नसतो आणि सगळ्यांना चालवणारा सर्व्हरही नसतो. पडदा, सर्व्हर आणि यूपीएसमधली गळती धरल्याशिवाय कोणतीही दोन आकडेवारी शेजारी ठेवणे अन्यायाचे आहे. यावर वाद घालण्यापेक्षा प्लगला लावायचा मीटर एक दिवस बसवून पाहिलेला बरा.

दहा जागा, रोज चार तास आणि वर्षाचे २२० दिवस असा अंदाजी हिशेब धरला तर काचेच्या मॉनिटरचे जुने संच वर्षाला सुमारे १,३२० युनिट घेतात आणि एलईडी पडद्याचे डेस्कटॉप ६१६ च्या आसपास. शंभर वॅटचा सर्व्हर आणि प्रत्येक जागी पडद्यासह तेवीस वॅट धरल्यास थिन क्लायंटचा कक्ष २९० युनिटांत चालतो. पंचवीस वॅटचे लॅपटॉप २२० युनिटांत. लॅपटॉपची बॅटरी त्याच्या पोटातच असल्याने वीज गेल्यावर तास बुडत नाही, आणि पावसाळ्यात हा फायदा बिलापेक्षाही मोठा ठरतो. मात्र दमट, खाऱ्या हवेत चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलण्याचा खर्च या हिशेबात धरावाच लागतो.

३ जून २०२० चे निसर्ग आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातले तौक्ते या वादळांनंतर किनाऱ्यावर कित्येक गावे दिवसेंदिवस, काही तर आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तेव्हापासून चर्चा सौर पॅनेलकडे वळली आहे. किती पॅनेल लागतील हे पुन्हा त्याच वॅटच्या आकड्यावर ठरते, त्यामुळे लेबल वाचून केलेली चूक इथे आणखी महाग पडते. शिवाय ऊन भरपूर असते त्या मे महिन्यात शाळा बंद असते आणि जूनच्या मध्यावर ती उघडते तेव्हा आभाळ भरलेले असते. म्हणून पॅनेलचा हिशेब वर्षाच्या सरासरीवर न करता जुलै-ऑगस्टच्या उत्पादनावर करायला हवा.