उंदराने कुरतडलेला सीट बेल्ट: शिवायचा की बदलायचा?

सोयाबीनची रास झाली की भाव येईपर्यंत पोती शेडमध्ये थप्पीला लागतात आणि घरची चारचाकीही तिथेच उभी असते. पोत्यांच्या वासावर आलेले उंदीर गाडीत शिरतात. वायरिंग कुरतडले तर गाडी सुरू होत नाही, म्हणून ते लगेच कळते. बेल्टची कड कुरतडली तर कुणाचे लक्षही जात नाही. गेलेच, तर लातूर असो की हिंगोली, पहिला सल्ला एकच मिळतो: सीट कव्हरवाल्याकडे जा, तो मशीन मारून देईल.

बेल्ट शिवू नये. का, ते आधी आकड्यांत पाहू.

बेल्टचा पट्टा पॉलिस्टरचा असतो. रुंदी साधारण 47-48 मिलिमीटर, जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर. सगळा ताण लांबीच्या दिशेने जाणारे शेकडो धागे पेलतात. आडवे धागे त्यांना फक्त जागेवर धरून ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक 16 क्रमांकाच्या नियमानुसार असा पट्टा तुटण्याआधी त्याने किमान 14,700 न्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन ताण सोसला पाहिजे. आता 70 किलोचा माणूस घ्या, गाडीचा वेग ताशी 50 किलोमीटर. गाडी धडकली, पुढचा पत्रा चेपण्यात आणि पट्टा ताणण्यात मिळून शरीराला थांबायला 60 सेंटिमीटर मिळाले, असे धरू. हिशेबाने सरासरी 11,250 न्यूटन बल येते. साडेअकरा क्विंटलचा भार, तोही सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी वेळात. तो खांद्यावरच्या आणि कमरेवरच्या भागात विभागला जातो, पण क्षणाक्षणाला सारखा नसतो. मधला झटका सरासरीपेक्षा बराच मोठा असतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 ची मर्यादा आहे. त्या वेगाला शरीरातली गतिज ऊर्जा 50 च्या वेगापेक्षा पावणेसहा पट होते.

कडेला 5 मिलिमीटरचा काप असेल, तर ताकद दहा टक्क्यांनीच कमी झाली असे वाटते. तसे होत नाही. तुटलेल्या धाग्यांचा वाटा उरलेल्या सगळ्यांत सारखा वाटला जात नाही, तो कापाच्या टोकाशी असलेल्या दोन-चार धाग्यांवर येऊन पडतो. ते तुटले की पुढच्यांवर. पट्टा कडेपासून आत असा फाटत जातो. त्यावर टाके घातले तर मशीनची सुई चांगल्या धाग्यांनाही भोके पाडते, आणि जाड झालेला तो भाग खांद्याजवळच्या कडीत अडकतो. अडकलेला बेल्ट ढिला राहतो, आणि ढिल्या बेल्टमध्ये शरीर आधी मोकळे पुढे जाऊन मग आदळते.

उंदीर लागला नसला तरी वर्षातून एकदा पट्टा पूर्ण बाहेर ओढून दोन्ही बाजूंनी उजेडात पाहावा. एरवी रिळात गुंडाळलेला भाग कुणाच्या नजरेस पडत नाही. कडेला लव सुटली आहे का, रंग उडून पट्टा कडक झाला आहे का, शिवणीचा टाका उसवला आहे का, हे पाहावे. खांद्याजवळची कडी नीट बघा: तिच्या प्लॅस्टिकवर घासून वितळल्यासारखा चकचकीत ओरखडा असेल आणि पट्ट्यावरही त्याच जागी चमक असेल, तर त्या बेल्टने कधीतरी अपघाताचा ताण घेतला आहे. जुनी गाडी घेताना ही खूण फार उपयोगी पडते. अशा बेल्टचे धागे आधीच ताणले गेलेले असतात, आणि अनेक गाड्यांत रिळाच्या आत एक धातूची दांडी असते, जी पिळली जाऊन छातीवरचा ताण मर्यादित ठेवते. एकदा पिळलेली दांडी पुन्हा तेच काम करत नाही. भंगारातून आणलेल्या बेल्टवर म्हणूनच भरवसा ठेवता येत नाही.

बेल्ट नुसताच हळू मागे जात असेल, तर बदलण्याआधी धुऊन पाहा. काळ्या मातीची धूळ आणि घाम मिळून कडीवर चिकट थर बसतो. पट्टा पूर्ण ओढून चिमट्याने अडकवा, कोमट पाणी आणि सौम्य साबणाने कडी व पट्टा पुसा, सावलीत पूर्ण वाळल्यावरच आत सोडा. ब्लीच किंवा रॉकेल लावू नका, आणि रिळात तेल सोडू नका.

बदलायचा ठरला तर पट्टा, कडी, जीभ (बकलमध्ये अडकणारी धातूची पट्टी) आणि रीळ असा पूर्ण संच घ्यावा लागतो. बकल वेगळे मिळते. दुकानात फक्त मॉडेल सांगून भागत नाही; 17 अक्षरी चेसिस नंबर द्या, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षानुसार आणि डाव्या-उजव्या बाजूनुसार रीळ बदलते. रिळात एक छोटी गोळी किंवा लोलक असतो. गाडीचा वेग एकदम कमी झाला, म्हणजे मंदन 0.45 जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या 0.45 पटीच्या) आसपास गेले, की तो सरकतो आणि रीळ अडते. गाडी कलली तरीही हेच होते: 12 अंशांपर्यंत ते अडता कामा नये, 27 अंशांच्या पुढे अडलेच पाहिजे. पुढच्या सीटचे रीळ मागे बसवले तर कोन चुकतो आणि पट्टा बाहेरच येत नाही. नवे रीळ हातात आडवे धरून ओढले तर तेही अडते. म्हणून ते खराब आहे असे समजू नका.

पुढच्या बेल्टमध्ये प्रीटेन्शनर, म्हणजे धडक होताच पट्टा क्षणात आवळणारी यंत्रणा, असेल तर त्यात स्फोटक द्रव्य असते. हे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावे, पण समोर उभे राहून पाहावे. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढतात आणि थांबतात, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात काही वेळ वीज साठून राहते. हा वेळ गाडीनुसार दीड मिनिटापासून दहा मिनिटांपर्यंत असतो. मग दाराचे रबर बाजूला करून पिलरचे (दाराशेजारच्या खांबाचे) प्लॅस्टिक काढतात, पिवळे कनेक्टर सोडवतात. त्या तारांना मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नसतो. तेवढ्या विजेनेही प्रीटेन्शनर उडू शकतो. हातातून पडलेला नवा प्रीटेन्शनरही बसवायचा नाही.

मागच्या सीटचा साधा बेल्ट असेल तर सवयीचा मेकॅनिक बदलू शकतो. त्याचे बोल्ट बहुधा 7/16 इंची, बारीक आट्यांचे असतात. त्यांच्या जागी साधा मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवला की वेल्ड केलेल्या नटचे आटे जातात, आणि मग काम पत्र्यापर्यंत पोचते. पहिले तीन-चार फेरे हातानेच द्यावेत. वायसर आणि स्पेसर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा मोबाईलवर फोटो काढा. क्रम चुकला तर कडी बोल्टखाली दाबली जाते आणि फिरत नाही. रिळाची छोटी खूंट पत्र्याच्या खाचेत बसली पाहिजे. घट्ट करताना टॉर्क पाना वापरावा. बहुतेक गाड्यांत 35 ते 50 न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावा. पट्ट्याला कुठेही पीळ नको: पिळलेल्या पट्ट्याचा सगळा दाब अंगावरच्या एका अरुंद रेषेवर येतो.

नवे सीट कव्हर घालताना मागची बकले गादीखाली गाडली जातात, हा मराठवाड्यातल्या गाड्यांत सर्रास दिसणारा प्रकार आहे. बेल्ट बदलताना तीही वर काढून घ्या.

काम झाल्यावर इग्निशन चालू करा. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तेवत राहिला तर बहुधा कनेक्टर नीट बसलेले नाही. पट्टा सावकाश ओढा, तो सहज यावा. झटका द्या, अडावा. सोडल्यावर पूर्ण आत जावा. मग मोकळ्या मैदानात बेल्ट लावून ताशी 20-25 च्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक दाबा. पट्टा तिथेच धरला गेला पाहिजे.

जुना पट्टा दोन-तीन ठिकाणी कापून टाका, नाहीतर तो दुसऱ्या कुणाच्या गाडीत जाऊन बसेल. न उडालेला प्रीटेन्शनर मात्र कापू नका, जाळू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. सर्व्हिस सेंटरकडेच जमा करा.