फरशी फोडायच्या आधी : सांडपाण्याच्या पाइपची न सापडणारी गळती

आमच्याकडे येणारे बरेच फोन एकाच वाक्याने सुरू होतात. "न्हाणीची मागची भिंत ओली होतेय, पण नळ तर सगळे बंद आहेत." पुढचे वाक्यही ठरलेले. "आधीचा प्लंबर म्हणाला, फरशी काढावी लागेल." कधीकधी लागतेही. पण पहिल्या दिवशी नाही, आणि हे पत्रक आम्ही त्यासाठीच छापले आहे.

फोनवर आम्ही आधी "कुठे ओले आहे?" असे विचारत नाही, "केव्हा ओले होते?" असे विचारतो. समोरचा माणूस गोंधळतो. पण पाणी जिथे दिसते तिथेच गळत असते असे नाही. ते स्लॅबवरून, पाइपच्या पाठीवरून, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पोटातून सरकत कुठेही बाहेर पडते. जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही.

नळाची लाइन आणि सांडपाण्याची लाइन यांचा स्वभावच वेगळा. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो. त्याला भोक पडले तर तुम्ही झोपलात तरी तो गळतो. सांडपाण्याच्या पाइपमध्ये असा दाब नसतो. बादली ओतली की पाणी पाइपच्या तळाने वाहत जाते, वरचा भाग रिकामाच राहतो, आणि पाणी गेले की पुन्हा सगळे शांत. म्हणून जोडाच्या वरच्या अंगाला फट असेल तर ती रोजच्या आंघोळीला गळणारच नाही. पाइप गच्च भरेल त्या दिवशी गळेल. लोक ज्याला गूढ गळती म्हणतात, ती पुष्कळदा एवढीच असते.

गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजूचे एक घर. जुने, चिऱ्याचे, परसाच्या बाजूला नंतर जोडलेली न्हाणी. स्वयंपाकघराच्या भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीवर ओल, रंगाचे पापुद्रे, खाली लोणा. घरच्या काकी म्हणत होत्या, "सोमवारी आणि शुक्रवारी जास्त असते." दोघा प्लंबरांनी ते हसण्यावारी नेले होते. खरे सांगायचे तर पहिल्या भेटीत आम्हीही नेले, आणि न्हाणीच्या कोपऱ्यातल्या चार फरश्या काढल्या. खाली कोरडे ठाक! दुसऱ्या भेटीत काकींनीच विचारले, "मशीन लावून बघू या काय?" कपडे धुण्याचे त्यांचे वार सोमवार-शुक्रवार. मशीन पाणी फेकू लागली आणि मिनिटभरात नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जाण्याच्या तोंडाच्या, जाळीतून फेस वर आला. भिंतीपलीकडे, पाइपच्या कोपराजवळच्या जोडातून धार लागली.

पुढे चेंबरच्या (सांडपाण्याच्या लाइनवरच्या झाकणाच्या खड्ड्याच्या) तोंडाशी, जिथे स्वयंपाकघराचे पाणी येऊन मिळते, तिथे नारळाचा चोथा, केस आणि तेलकट थर यांनी पाइप अर्ध्याहून जास्त बुजला होता. आंघोळीचे पाणी सावकाश येते, तेवढे त्यातून मुकाट जात होते. मशीनचे पाणी पंपाने येते, ते तुंबून मागे चढत होते आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या त्या जोडापर्यंत पोचत होते. जोडातली रबर रिंग बसवतानाच दुमडलेली होती. पाइपच्या टोकाची धार न घासता, साबणाचे पाणी न लावता तो तसाच रेटला की असे होते. म्हणजे गळती एका जागी आणि तिचे कारण सहा मीटर पुढे. नुसता जोड बदलून आलो असतो तर तुंबलेल्या पाण्याने दुसरी वाट शोधली असती. त्या चार फरश्यांचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला चार दिवसांची नोंद ठेवायला सांगतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिले तरी चालेल : आंघोळी केव्हा, भांडी केव्हा, मशीन केव्हा, पंप केव्हा चालू केला, एसी किती वेळ, पाऊस होता का, आणि भिंत किंवा छत केव्हा जास्त ओले दिसले. पाणी वापरल्यावर पाच-दहा मिनिटांत थेंब येत असतील तर ट्रॅप किंवा त्याच्या जवळचा जोड. दोन-तीन तासांनी येत असतील, आणि पाणी बंद केल्यावरही बराच वेळ येत राहिले, तर फरशीखालच्या भरावात पाणी साठत असावे. रात्रंदिवस सारखेच असेल तर सांडपाण्याच्या पाइपला सोडा, आधी नळाची लाइन पाहा. एसीही विसरू नका. आपल्या दमट हवेत तो तासाला लिटरभर पाणी सहज काढतो, आणि त्याची नळी भिंतीत कुठे सोडली आहे हे बहुतेक घरांत कोणालाच आठवत नाही.

नळाची लाइन तपासायला आम्ही लागत नाही. रात्री टाकीत येणारे पाणी बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर खडूने किंवा पेन्सिलीने खूण करा, पहाटेपर्यंत कोणी नळ उघडू नये. पातळी उतरली तर पाणी दाबाच्या लाइनमधून जाते आहे. सेकंदाला एकच थेंब पडत असेल तरी दिवसाला चारेक लिटर होतात (वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरून), पण मोठ्या टाकीत एका रात्रीत एवढा फरक डोळ्यांना कळणार नाही. म्हणून बारीक गळतीसाठी ही खूण पुरेशी नाही.

त्याच पहाटे, कोणी उठण्याआधी, बाहेरच्या चेंबरचे झाकण उचलून टॉर्च मारा. घरात कोणी पाणी वापरत नसताना पाइपच्या तळाने दोऱ्याएवढी स्वच्छ धार येत असेल तर पाइप निर्दोष आहे, कोणीतरी त्यात पाणी सोडते आहे. बहुतेक वेळा तो फ्लशचा टँक असतो, आतला वॉशर झिजलेला. टँकमध्ये कपड्यांची नीळ टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात निळे उतरले की चोर सापडला. कधी टाकीचा ओव्हरफ्लो गुपचूप या लाइनला जोडलेला निघतो. एक मात्र बजावून सांगतो. चेंबर वेगळे आणि सेप्टिक टँक वेगळा. सेप्टिक टँकचे झाकण घरच्या माणसाने उघडू नये, आत वाकून पाहू नये, जवळ काडी पेटवू नये. आतल्या वायूने माणसे मरतात.

फरशी दोषी की पाइप, हे ठरवायची चाचणी सोपी पण वेळखाऊ आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून ते ट्रॅपच्या तोंडात घट्ट बसवा, न्हाणीत इंचभर पाणी उभे करा आणि 24 तास ठेवा. पाणी उभे असतानाच खाली थेंब वाढले तर फरशी किंवा तिच्याखालचे वॉटरप्रूफिंग. पाणी उभे असताना काही नाही, आणि बोळा काढून ते सोडले की गळायला लागले, तर पाइप. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना ही चाचणी वरच्या शेजाऱ्याच्या घरी करावी लागते. तेव्हा भांडण करण्याआधी ही विनंती करा, भांडणानंतर कोणी न्हाणी चोवीस तास बंद ठेवत नाही.

उघड्या पाइपचा नेमका कुठला जोड गळतो ते कळत नसेल तर प्रत्येक जोडाला टिश्यू पेपरची एक पट्टी गुंडाळा. वरून पाणी सोडा. सगळ्यांत वरची जी पट्टी भिजेल तो तुमचा जोड, तिच्याखालच्या तर ओघळानेच भिजतात.

हळदीची युक्ती काही जण सांगतात : ओल्या डागावर हळद लावायची, लाल झाली तर साबणाचे, म्हणजे सांडपाणी. पाइपवरून थेट पडणाऱ्या थेंबासाठी ती बरी आहे. पण भिंतीवर किंवा स्लॅबखाली ती करू नका. सिमेंट आणि चुन्यातून झिरपलेले चांगले पाणीही हळदीला लाल करते, आणि तुम्ही उगाच शेजाऱ्याच्या मोरीवर संशय घ्याल.

पावसाळ्यात सगळेच अवघड होते. गोव्यात वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चिरा सच्छिद्र, त्याने जुलैत प्यालेले पाणी दिवाळीपर्यंत पूर्ण सुकत नाही. म्हणून गळती दुरुस्त झाल्यावरही डाग तसाच दिसतो, आणि लोक काम फसले असे समजतात. भिंतीवर फूटभर प्लॅस्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवा, दुसऱ्या दिवशी पाहा. बाहेरून दव असेल तर ती हवेतली ओल. आतून असेल तर ती भिंतीतली. चवथीला रंग हवाच असतो, ते आम्हाला कळते, पण आतून ओल्या भिंतीवर दिलेला रंग विसर्जन होईपर्यंतही धड टिकत नाही.

ओल्या जोडावर पुट्टी थापू नका. ओल्या पाइपवर सॉल्व्हंट सिमेंटही (प्लॅस्टिकचे पाइप जोडायचा डिंक) धरत नाही. तुंबले म्हणून ऍसिड ओतू नका, आणि ओतलेच असेल तर आमचा माणूस हात घालण्याआधी त्याला सांगा. ब्लीचिंग पावडरवर ऍसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो.

शोधण्याचे पैसे आणि दुरुस्तीचे पैसे आम्ही वेगळे लावतो, दोन्ही आकडे आधी सांगतो. कारण सापडले नाही तर फरशीला हात लावत नाही. आम्ही येणार त्या दिवशी नोंदीचा कागद काढून ठेवा, चेंबरवर कुंड्या असतील तर बाजूला करा. आणि त्या सकाळी कपडे धुवू नका. मशीन भरून ठेवा, ती आमच्यासमोर लावायची आहे.