डांबर, पिसे आणि राजनिष्ठ
अमेरिकन क्रांतीच्या काळात, ब्रिटिश राजाचा पक्षपाती असल्याच्या संशयावरून गावकरी माणसांना उकळत्या डांबराने ठार मारत, ही समजूत चुकीची आहे. ते डांबर पाइनच्या लाकडापासून काढलेले, जहाजांना लावायचे आणि कमी उष्णतेत पातळ होणारे असे. यातना मात्र खऱ्याच होत्या. जानेवारी १७७४ मध्ये बॉस्टनच्या जमावाने जकात अधिकारी जॉन माल्कम याला कडाक्याच्या थंडीत उघडे करून डांबर व पिसे फासली, गाडीतून फिरवले, फाशीची धमकी दिली, तरीही तो वाचला आणि पुढे इंग्लंडला गेला. क्रांतिकारकांच्या स्थानिक समित्यांचा जाच याहून व्यापक आणि माझ्या मते अधिक निर्दय होता: वर्तमानपत्रात नाव छापून बहिष्कार, सक्तीची निष्ठाशपथ, शेवटी घरदाराची जप्ती. सुमारे ६०,००० राजनिष्ठांनी देश सोडला.