चार एमबीच्या फोटोला १४४ एमबी जागा

आमच्या वाचनालयाची छोटी वेबसाइट मी सांभाळतो. होस्टिंग अगदी साधं, शेअर्ड. जुन्या पोथ्यांच्या पानांचे फोटो तिथे चढवायचे होते, आणि प्रत्येकाची लहान प्रत सर्व्हरनेच इमेजमॅजिक हे चित्रं हाताळणारं सॉफ्टवेअर वापरून करावी असं मनात होतं. पहिलाच फोटो दिला आणि टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एकच शब्द उमटला: 'किल्ड', म्हणजे काम मधेच मारून टाकलं. फोटो तर जेमतेम ४ एमबीचा!

पण ४ एमबी हा झाला घडी घातलेला फोटो. नऊवारी लुगड्याची घडी कपाटात वीतभर जागा घेते, उलगडलं की अंगण पुरत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३०००, १ कोटी २० लाख ठिपके. इमेजमॅजिकच्या सातव्या आवृत्तीत प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात आणि नेहमीच्या बांधणीत एकेका आकड्याला ४ बाइट लागतात. ठिपक्यामागे १२ बाइट, म्हणजे एकूण १४४ एमबी. शेअर्ड होस्टिंगमध्ये एकाच यंत्रावर शेकडो खाती नांदतात. चाळीतल्या सामाईक टाकीसारखी मेमरी सगळ्यांची, म्हणून प्रत्येकाला मर्यादा घातलेली. ती ओलांडली की सर्व्हर तुमचं काम तिथल्या तिथे थांबवतो. त्यात त्याची चूक नाही.

इमेजमॅजिक हे मोफत सॉफ्टवेअर जॉन क्रिस्टी यांनी १९८७ साली ड्यूपाँट कंपनीत असताना लिहायला घेतलं. लाखो रंगांची चित्रं २५६ रंगांच्या पडद्यावर नीट दिसावीत, एवढीच तेव्हाची गरज होती. १९९० मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं.

आपल्या सर्व्हरवर ते आधीपासूनच आहे का, हे आधी बघावं: 'मॅजिक' किंवा जुन्या आवृत्तीतली 'कन्व्हर्ट' ही कमांड चालवून पाहायची. नसेल, आणि एसएसएच (दुरून सर्व्हरवर कमांड चालवायची सोय) व कंपायलर (सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणारं साधन) वापरायची मुभा असेल, तर रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मालकाचे, अधिकार नसतानाही काम होतं. सोर्स कोड उतरवून घ्यायचा, बांधणीची तयारी करणारी 'कॉन्फिगर' कमांड चालवताना 'प्रीफिक्स' (कुठे बसवायचं ती जागा) म्हणून आपलाच होम फोल्डर द्यायचा, मग बांधायला 'मेक' आणि बसवायला 'मेक इन्स्टॉल'. सगळं आपल्या खोलीत बसतं, शेजाऱ्याला धक्का लागत नाही.

एका जागी मात्र हमखास पाय अडकतो. इमेजमॅजिकला स्वतःला जेपेग, म्हणजे फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार, वाचता येत नाही, ते काम लिबजेपेग नावाची वेगळी लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड) करते. ती सापडली नाही तरी 'कॉन्फिगर' तक्रार न करता पुढे जातं, आणि पहिला फोटो दिल्यावर 'नो डिकोड डेलिगेट', म्हणजे हा फोटो उलगडणारं कुणी नाही, असा संदेश येतो. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली. 'कॉन्फिगर'च्या शेवटी एक तक्ता येतो, त्यात जेपेगपुढे 'येस' आहे ना, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'मेक' करू नका.

आता मूळ दुखण्याकडे, अपुऱ्या मेमरीकडे, येऊ. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातल्या ६४ ठिपक्यांचं ६४ नव्या आकड्यांत रूपांतर करतं. पहिला आकडा चौकोनाची सरासरी सांगतो, उरलेले ६३ उत्तरोत्तर बारीक होत जाणारे चढउतार. हे गणित, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचलं. १९७२ मध्ये त्यांनी यावरच्या संशोधनासाठी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे मागितलेलं अनुदान नामंजूर झालं. तरी नटराजन आणि राव या सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९७४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आज जवळपास प्रत्येक मोबाइलमधल्या फोटोखाली ते आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

लहान प्रतच हवी असेल तर त्या ६३ आकड्यांची गरजच काय? सरासरी तेवढी उचलली की प्रत्येक चौकोनाचा एक ठिपका होतो, आणि ४००० गुणिले ३००० चा फोटो थेट ५०० गुणिले ३७५ होऊन हाती येतो. लिबजेपेगला हे येतं. निम्मा, पाव किंवा अष्टमांश आकार ती उलगडतानाच देते. फाइल वाचावी पूर्ण लागते, उलगडावी लागत नाही. इमेजमॅजिकच्या कमांडमध्ये फाइलच्या नावाआधी '-डिफाइन' लिहून 'जेपेग:साइज' ला ५०० गुणिले ३७५ हे माप दिलं आणि १४४ एमबीच्या जागी सव्वादोन एमबीत काम झालं. 'किल्ड' पुन्हा दिसलं नाही.

पीएनजी फाइलींना ही सोय नाही, त्यांत असे चौकोनच नसतात. म्हणून पोथ्यांची पीएनजी स्कॅन मी घरच्या कॉम्प्युटरवर लहान करतो आणि मगच चढवतो.