महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे लैंगिक आरोग्य व आधार, कोल्हापूर

कोल्हापूर शहरात शिकणाऱ्या, साधारण १६ ते २५ वयाच्या मुलामुलींचे लैंगिक आरोग्य आणि त्यासाठी उपलब्ध असलेली तपासणी, उपचार, समुपदेशन व कायद्याचे संरक्षण यांविषयीची नोंद. पाळीच्या तक्रारी, गर्भनिरोधन, नको असलेली गर्भधारणा, संसर्ग, वीर्याविषयीची भीती, लैंगिक कल आणि छळ हे सारे या विषयात येते.

राजाराम महाविद्यालय १८८० चे, शिवाजी विद्यापीठ १९६२ चे. शिक्षणासाठी परगावच्या मुलांनी या शहरात राहण्याची परंपरा मात्र राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून उभ्या केलेल्या बोर्डिंगांनी घट्ट केली. आजही चंदगड, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगडची मुलेमुली वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहतात, मेसला जेवतात, नाहीतर एसटीचा पास काढून रोज ये-जा करतात. कोल्हापुरात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या गावचा? कुणाचा?’ त्यातली आपुलकी खरी आहे. पण पांढरे जाते म्हणून केसपेपर काढायला रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीला याच प्रश्नाची धास्ती वाटते. जिल्हाभरातले रुग्ण सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात येतात. त्यांत आपल्या गावचे कुणी असेल, ही शंका रास्तच असते. म्हणून या शहरात गोपनीयता हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

बहुतेक मुले महाविद्यालयात येतात ती या विषयाची कोरी पाटी घेऊन. महाराष्ट्रात या शिक्षणाची हेळसांड जुनी आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्यांच्यानंतर अर्ध्या शतकाने, २००७ मध्ये, शाळांमधले लैंगिक शिक्षण राज्यात विरोधामुळे थांबवले गेले. मग माहिती येते ती मोबाइलवरून, रूम पार्टनरकडून आणि ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ असे रंगवलेल्या भिंतींवरून.

मुलांच्या बाबतीत या भिंतींचा धंदा एकाच भीतीवर चालतो, ती म्हणजे धात, म्हणजेच वीर्य, जाण्याची. झोपेत वीर्यस्खलन झाले, हस्तमैथुन केले की अंगातली ताकद गेली, डोळे खोल गेले, आता लग्नाला आपण निकामी, असे मुलगा धरून बसतो. थकवा, झोप न लागणे, अभ्यासात लक्ष नसणे हे सारे तो त्याच खात्यावर मांडतो. मानसोपचारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेचे ‘धात सिंड्रोम’ म्हणून वर्णन केले. कोल्हापुरात या भीतीला तालमीची पार्श्वभूमी आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींत लंगोटाला पक्का असणे, म्हणजे ब्रह्मचर्य पाळणे, हा पैलवानाचा मोठा गुण. वस्तादाने घातलेली ही शिस्त आहे आणि ती पाळणाऱ्याचा आदरच करावा. मात्र शिस्त वेगळी आणि शरीराचे गणित वेगळे. रक्त आटवून वीर्य होत नाही. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर बाहेर पडते, त्यातला बहुतांश भाग शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथींतला द्रव असतो आणि शरीर तो पुन्हा तयार करते. झोपेतले स्खलन हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही. उलट अंग भरावे म्हणून डॉक्टरांना न विचारता टोचून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी शुक्राणू खरोखर कमी होतात. ही गोष्ट आखाड्यात आणि जिममध्ये मोठ्याने सांगितली पाहिजे.

जांघेतल्या गजकर्णाचेही तसेच होते. घामाने ओला लंगोट, न वाळलेली चड्डी, एकमेकांचा टॉवेल यांतून ही बुरशी पसरते. मुलगा तिला गुप्तरोग समजतो, लाजेपोटी मेडिकलातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणतो, चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट पसरतो. त्वचारोग विभागात दाखवले तर बुरशीवरच्या औषधाने तो बरा होतो.

खरे लैंगिक संसर्ग पुष्कळदा काहीच लक्षण दाखवत नाहीत, मुलींमध्ये तर विशेष. सिफिलिस पेनिसिलिनने बरा होतो, गोनोरिया व क्लॅमिडिया प्रतिजैविकांनी. मात्र जोडीदारानेही औषध घ्यावे लागते, नाहीतर संसर्ग फिरून येतो. जिल्हा रुग्णालयांतील अशा उपचारकेंद्रांना ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. एचआयव्हीची चाचणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात मोफत होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. संबंधानंतर लगेच केलेली चाचणी निर्वाळा देत नाही. साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. धोका नुकताच घडला असेल तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची औषधे संसर्ग टाळू शकतात. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही आणि निकाल इतरांना सांगता येत नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे.

मुलींचे प्रश्न पाळीपासून सुरू होतात. परीक्षेच्या ताणाने, वजन बदलल्याने पाळी पुढेमागे होते. प्रत्येक चुकलेली पाळी गर्भाची नसते. संबंध आला असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नये. मेडिकलातल्या किटवर सकाळची पहिली लघवी तपासली की बहुधा समजते. आपत्कालीन गोळी, जिला सगळे ‘आय-पिल’च म्हणतात, ती १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेलची असते आणि ७२ तासांत, जितकी लवकर तितकी चांगली. चिठ्ठी लागत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि संसर्गापासून वाचवत नाही. गर्भ आणि संसर्ग या दोहोंपासून संरक्षण देतो तो निरोध. सरकारी आरोग्य केंद्रांत तो फुकट मिळतो.

गर्भपाताबद्दल कोल्हापुरात एक घोटाळा हमखास होतो. मुलींचे घटते प्रमाण रोखण्यासाठी या जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांवर प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवले गेले, कडक मोहीम झाली आणि ती हवीच होती. पण त्यातून ‘पिशवी साफ करणे’ हाच गुन्हा, असा समज रुजला. गुन्हा आहे तो लिंगनिदान करण्याचा, १९९४ च्या कायद्याने. गर्भपात १९७१ च्या कायद्याने वैध आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणातला ‘विवाहित’ शब्द गेला आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांचाही या वाढीव मुदतीवर हक्क मान्य केला. अठरा पूर्ण झालेल्या मुलीची स्वतःची सही पुरते. नवऱ्याची, आईवडिलांची, मित्राची लागत नाही. तिचे नाव फोडणे डॉक्टरांसाठी शिक्षापात्र आहे. गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीवाचून आणून खोलीवर घेणे मात्र जिवावर बेतू शकते, विशेषतः गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनळीत असेल तेव्हा.

अकरावी-बारावीची मुले बहुधा अठराच्या आतली, आणि कॉलेजचे आवार तेच. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यात त्यांच्या संमतीला अर्थ नाही, डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचे बंधन आहे. पोलिसांच्या भीतीने मुलगी डॉक्टरांकडे जातच नाही, हा याचा क्रूर परिणाम. सर्वोच्च न्यायालयाच्या वर सांगितलेल्या २०२२ च्याच निकालाने त्यावर वाट काढली: मुलीने व पालकांनी विनंती केल्यास गर्भपातासाठीच्या अहवालात तिचे नाव देण्याची गरज नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची लस महाविद्यालयीन वयातही घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ च्या जानेवारीत आली. ती ९ ते २६ वयाच्या मुलामुलींसाठी आहे, पंधराव्या वर्षापासून तीन मात्रा लागतात.

प्रौढांतले संमतीचे समलैंगिक संबंध ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. समलैंगिक कल हा आजारही नाही. कल ‘बदलून देतो’ म्हणणारा उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवला आहे. घरून लग्नाची घाई होत असताना खोलीत एकट्याने हे दडवून बसणाऱ्या मुलाला ही एवढी माहितीही मोठा धीर देते.

छळाच्या तक्रारीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ अध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक बाहेरचा सदस्य आणि विद्यार्थी प्रकरणात गुंतलेले असतील तर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी. तक्रार तीन महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. अत्याचार झालेल्या मुलीला सरकारी वा खासगी, कोणतेही रुग्णालय मोफत उपचार नाकारू शकत नाही. खासगी व्हिडिओ पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागितले जात असतील तर पैसे न भरता, चॅट न पुसता सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्याखालची ‘मैत्री क्लिनिक’ १० ते १९ वयासाठी आहेत, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंतची बरीच मुले तिथे जाऊ शकतात. एचआयव्हीविषयी विचारायला १०९७, मन खचले असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६, स्त्रियांसाठी १८१ आणि अठराच्या आतल्यांसाठी १०९८ हे क्रमांक मोफत आहेत. १०९७ वर बोलताना नाव आणि गाव सांगावे लागत नाही.