अकरावी-बारावीत असतानाच विद्यापीठाचा अभ्यासक्रम : सोलापूरच्या संदर्भातील पार्श्वभूमी

बारावी होण्याआधीच पदवीचा एखादा विषय पूर्ण करावा आणि त्याचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाची एकके, पुढे पदवीत धरले जावे, ही कल्पना २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पुन्हा चर्चेत आली. अमेरिकेत शाळकरी मुलांना १९५० च्या दशकापासून महाविद्यालयीन पातळीच्या परीक्षा देता येतात, त्यामुळे ती तिकडून उचलल्याचे सांगितले जाते. सोलापूरपुरते तरी हे पूर्ण खरे नाही.

शहरात १९४० साली महाविद्यालय सुरू झाले ते मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली. पुढे पुणे विद्यापीठ आले आणि १९६२ पासून कोल्हापूरचे. मॅट्रिक किंवा नंतरची अकरावीची एसएससी झालेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा या सगळ्या काळात थेट विद्यापीठाचा विद्यार्थी होत असे. इंटर असो वा प्री-डिग्री, म्हणजे पदवीआधीचे वर्ग, अभ्यासक्रम विद्यापीठाचा असे आणि परीक्षाही विद्यापीठच घेई.

ही साखळी तुटली ती दहावी, मग बारावी आणि तीन वर्षांची पदवी अशा १०+२+३ रचनेमुळे. १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाने पदवीपूर्व वर्ग विद्यापीठांकडून काढून माध्यमिक शाळांकडे द्यावेत, अशी शिफारस केली होती. महाराष्ट्राने १९७० च्या दशकाच्या मध्यास नवा आकृतिबंध राबवला, तो अर्धाच. अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम आणि परीक्षा हे दोन्ही राज्य शिक्षण मंडळाकडे गेले. वर्ग मात्र काही ठिकाणी हायस्कूलला, तर अनेक ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयालाच जोडले गेले. प्रयोगशाळा, ग्रंथालये आणि शिकवणारी माणसे महाविद्यालयांकडे होती, पदवीपूर्व वर्ग गेल्यास प्राध्यापक अतिरिक्त ठरले असते, आणि हायस्कुलांकडे विज्ञान शाखेची पुरेशी तयारी नव्हती. त्यामुळे निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता. तडजोड म्हणून केलेली ही व्यवस्था कायमची झाली, याचे मात्र वाईट वाटते. एकाच आवारात दोन सरकारी खाती नांदू लागली: कनिष्ठ महाविद्यालयाच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, शिक्षकाला बी.एड. लागते आणि त्याचा पगार शालेय शिक्षणाकडून येतो, वरिष्ठच्या प्राध्यापकाचा उच्च शिक्षणाकडून. बारावीच्या मुलीने ब्युरेटमधून थेंब थेंब परमँगनेट सोडत, फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत केलेले टायट्रेशन मंडळाच्या जर्नलवर सही होऊन संपते. वर्षभराने एफ.वाय.ला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला, पुष्कळदा त्याच इमारतीत, ती पुन्हा टायट्रेशनच करते. आधीच्या कामाची नोंद विद्यापीठाकडे कोठेही नसते. ज्या मुलीला आदल्या वर्षीच पुढचे शिकता आले असते, तिच्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती.

२००४ साली जिल्ह्यापुरते स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि कोल्हापूरच्या खेपा संपल्या, तरी पदवीच्या प्रवेशाला बारावी उत्तीर्ण असण्याची अट तशीच राहिली. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावर कोणीही नाव नोंदवून पदवीच्या पातळीचे विषय शिकू शकतो, त्यामुळे शिकण्यापुरता अडसर दूर झाला. क्रेडिटचा प्रश्न मात्र उरला. २०२१ मध्ये विद्यार्थ्याची क्रेडिट डिजिटल खात्यात जमा ठेवणारी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आली. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळेपासून पीएच.डी.पर्यंत एकच शिडी मांडली: वर्षाला १२०० तासांचे शिक्षण आणि ४० क्रेडिट. त्यात बारावी चौथ्या पातळीवर आहे आणि पदवीचे पहिले वर्ष साडेचारवर. आयआयटी मद्रासने डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवीची पात्रता प्रक्रिया अकरावी झालेल्यांनाही खुली ठेवली, पण प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतरच.

विद्यार्थ्याच्या वेळेचा प्रश्न वेगळाच आहे. नीट आणि जेईईसाठी लातूरचे क्लास गाठणाऱ्या मुलांच्या दिवसात या अभ्यासक्रमाला जागा उरत नाही. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांकडे ती असते, आणि चर्चेत त्यांचाच विचार सर्वांत कमी होतो.

जमा झालेले कोणते क्रेडिट स्वीकारायचे, हे अखेर पदवी देणाऱ्या विद्यापीठाने ठरवायचे असते. बारावीच्या गुणपत्रिकेवर अशा अभ्यासक्रमासाठी रकाना नाही.